रक्ताची साक्ष आणि ताम्रपटाची साक्ष

दहावीचा निकाल लागला की आपल्या यवतमाळात एक ठरलेला प्रकार घडतो. ज्याला गुण चांगले पडले त्याला शास्त्र शाखेत घालतात, आणि तो इतिहासाचे पुस्तक त्याच आठवड्यात रद्दीवाल्याला देऊन टाकतो. ज्याला गुण कमी पडले तो 'आर्ट्‌स'ला जातो, आणि विज्ञानाचे पुस्तक रद्दीवाल्याकडे जाते. रद्दीवाल्याचा दोन्हींकडून फायदा होतो, पण तुमचा? मी भौतिकशास्त्र शिकवतो, तेव्हा शास्त्र शाखेची निंदा मी करणार नाही. परंतु इतिहास हा बिनकामाचा विषय आहे, असे माझ्या वर्गात कोणी म्हणाले की मी त्याला एक प्रश्न विचारतो : "कर्करोगाचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरला जातीचा इतिहास कशाला लागत असेल?" मुले हसतात. माझे मत असे आहे, की ज्याला या प्रश्नाचे हसू येते त्याला कर्करोगही नीट समजलेला नाही आणि इतिहासही.

कसे ते सांगतो.

मुंबईला टाटा स्मारक रुग्णालय 1941 साली सुरू झाले. तेथील प्रयोगशाळेचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर. भारतातील विकृतिशास्त्राचे, म्हणजे रोगाने शरीरात काय बदल होतात ते तपासण्याच्या शास्त्राचे, ते जनक मानले जातात. मुंबईसारख्या शहरात सगळ्या जातिधर्मांचे रोगी येत. त्यांची नोंद ठेवता ठेवता एक विलक्षण गोष्ट दिसू लागली. सर्व समाजांत कर्करोग सारख्याच प्रमाणात आणि सारख्याच जागी होत नव्हता. पारशी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग अधिक, तर गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग हिंदू स्त्रियांच्या मानाने फारच कमी. तोंडाचा आणि घशाचा कर्करोग आपल्या देशात जितका, तितका युरोपात दिसत नव्हता.

आता तुम्ही या जागी असता तर काय म्हटले असते? सगळ्यांत सोपे उत्तर म्हणजे 'त्यांच्या रक्तातच आहे!' हे उत्तर आपल्या समाजाला फार आवडते. कोणाचा राग रक्तात असतो, कोणाचा व्यापार, तर कोणाची अक्कल. डॉ. खानोलकर आणि त्यांचे सहकारी डॉ. सांघवी यांनी हे उत्तर गृहीत धरले नाही, तपासायला घेतले. मुंबईतील सहा समाज त्यांनी निवडले. हे सहाही आपापल्यातच लग्न करणारे होते. त्यांच्या रक्तगटांसारखी सात आनुवंशिक लक्षणे मोजून त्यांनी 1949-50 च्या सुमारास तो अभ्यास प्रसिद्ध केला. कर्करोगाच्या माणसांना जातींचे रक्त तपासावेसे वाटले ते यासाठी. फरक रक्ताचा की सवयींचा, हे ठरवायचे तर आधी दोन्ही मोजले पाहिजे.

मोजल्यावर काय निघाले? तोंडाच्या कर्करोगाबाबत तर चित्र लवकरच स्वच्छ झाले. सांघवी, राव आणि खानोलकर यांनी 1955 साली रोग्यांच्या सवयींची पद्धतशीर छाननी करून दाखविले, की तंबाखू चघळणे व ओढणे यांचा तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाशी थेट संबंध आहे. ज्या गालात तंबाखूची गोळी धरून ठेवायची सवय, पुष्कळदा त्याच गालात गाठ! रक्त तर दोन्ही गालांत एकच वाहते. मग एकाच गालाला रोग का व्हावा? या एका प्रश्नापुढे 'रक्तात असते' हे उत्तर गळून पडते.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची गोष्ट उलगडायला अधिक काळ लागला. जर्मनीतील हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी या रोगामागे एक विषाणू असल्याचे दाखविले. त्यांना 2008 साली नोबेल पारितोषिक मिळाले. बालवयात लग्न, पुष्कळ बाळंतपणे, गरिबी, तपासणीचा अभाव या सगळ्या सामाजिक गोष्टींनी विषाणूचे काम सोपे होते. स्तनाच्या कर्करोगाचे उलटे. उशिरा लग्न आणि मुले कमी, अशा सुस्थितीतील समाजांत तो वाढतो. म्हणजे पारशी आणि हिंदू स्त्रियांतील फरकाचा मोठा भाग लग्नाचे वय, शिक्षण आणि सुबत्ता यांच्या इतिहासात दडलेला होता. आपल्याच महाराष्ट्रात, त्या वेळच्या उस्मानाबाद (आजच्या धाराशिव) जिल्ह्यात, खेड्यांतील 1,31,746 स्त्रियांवर एक मोठा प्रयोग झाला. बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाचा त्यात वाटा होता. विषाणूची तपासणी आयुष्यात एकदा केली तरी या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हा त्याचा निष्कर्ष 2009 साली जगापुढे आला. ज्या बायांना कोणी 'नशीब' म्हणून सोडून दिले असते, त्या एका तपासणीने वाचल्या. माझ्या मते ही चंद्रावर यान उतरविण्याइतकीच मोठी गोष्ट आहे. तिची चर्चा मात्र फारशी झाली नाही.

रक्ताचा, म्हणजे आनुवंशिकतेचा, वाटा मुळीच नाही असे मात्र समजू नका. अमेरिकेत आल्फ्रेड नडसन यांनी 1971 साली डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग झालेल्या 48 मुलांच्या नोंदी घेतल्या. कोणाला कितव्या महिन्यात रोग झाला आणि एका डोळ्याला की दोन्ही डोळ्यांना, एवढ्या माहितीवरून त्यांनी अनुमान केले, की पेशीत एका विशिष्ट जनुकाच्या दोन प्रती असतात आणि त्या दोन्ही बिघडल्याशिवाय हा रोग होत नाही. ज्या मुलाला एक बिघडलेली प्रत आईबापांकडूनच मिळते त्याला रोग लवकर होतो. ते जनुक हाती लागले 1986 साली. सुमारे पंधरा वर्षे आधी ते कागदावर 'दिसले' होते! स्तनाच्या कर्करोगाशी संबंधित असेच एक जनुक सतराव्या गुणसूत्रावर असल्याचे मेरी-क्लेअर किंग यांनी 1990 साली दाखविले. पण स्तनाच्या कर्करोगांपैकी आनुवंशिक असतात ते शेकडा पाच ते दहा. बाकीच्यांत अशी एखादीच वारशाची बिघडलेली प्रत कारण नसते. तेव्हा "आमच्या घराण्यात कर्करोग नाही, आम्हाला खर्ऱ्याने काही होत नाही" असे पानठेल्यावर उभे राहून सांगणारा जो कोणी असेल, त्याला हे गणित ऐकवा. खर्ऱ्यातला तंबाखू तर आहेच; त्यातली सुपारीदेखील स्वतंत्रपणे कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 सालीच जाहीर केले आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली 2012 साली. पानठेल्यावर प्लॅस्टिकच्या तुकड्यात खर्रा घोटणारा हात मात्र थांबलेला नाही, आणि त्याच्यासमोर उभे राहणाऱ्यांत शाळेचे गणवेश दिसतात.

आता दुसऱ्या बाजूने या. कर्करोगासाठी जनुके वाचण्याचे जे तंत्र आले, त्याच तंत्राने लोक आता इतिहास वाचू लागले आहेत. तुमच्या प्रत्येक गुणसूत्राची एक प्रत आईकडून व एक वडिलांकडून आलेली असते. पुढच्या पिढीला देताना या दोन प्रतींत तुकड्यांची अदलाबदल होते. समजा, दोन वेगळे समाज एकमेकांत मिसळले. पहिल्या पिढीत एका समाजाचे अख्खे गुणसूत्र असेल. दर पिढीला ते कापले जाऊन मूळ समाजाचे तुकडे लहान लहान होत जातील. मिसळणे चालू असेल तोवर नवे लांब तुकडे येत राहतात. मिसळणे थांबले की लांब तुकड्यांची आवक बंद आणि जुने तर कातरलेच जात आहेत. मग आज सापडणाऱ्या तुकड्यांच्या लांबीवरून मिसळणे किती पिढ्यांपूर्वी थांबले ते सांगता येईल की नाही? येते. अगदी ढोबळ हिशेब करा : गुणसूत्रावरील 100 एकक अंतरात दर पिढीला सरासरी एक छेद पडतो, 70 पिढ्यांत 70 छेद, तेव्हा तुकड्याची लांबी 100 भागिले 70, सुमारे दीड एकक.

येथे मला आपल्या एका माणसाची आठवण करून दिली पाहिजे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म 1907 साली गोव्यातला. ते हार्वर्डला शिकले, पुण्याला फर्ग्युसन महाविद्यालयात आणि पुढे मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी गणित केले, आणि 1966 साली ते वारले. गुणसूत्रावरील दोन जनुकांमधले अंतर अदलाबदलीवरून मोजताना एक अडचण येते. दोन जनुकांच्या दरम्यान छेद दोनदा पडला, तर जनुके पुन्हा होती तशीच एकत्र दिसतात आणि आपल्याला वाटते की काही घडलेच नाही. अंतर त्यामुळे कमी भरते. इंग्लंडचे हॉल्डेन यांनी 1919 साली यावर एक सूत्र दिले होते, पण त्यात एक छेद दुसऱ्याच्या आड येत नाही असे धरले होते. प्रत्यक्षात तो येतो. कोसंबींनी हे लक्षात घेऊन 1944 साली नवे सूत्र दिले. अदलाबदल शेकडा 20 दिसली तर हॉल्डेनच्या सूत्राने अंतर 25.5 एकक येते, कोसंबींच्या सूत्राने 21.2. हे सूत्र आजही जगभर 'कोसंबी' याच नावाने जनुकांचे नकाशे काढताना वापरले जाते.

आणि हाच माणूस चलनात फिरून फिरून झिजलेली प्राचीन नाणी काट्यावर तोलत होता! नाणे जितके हिंडते तितके हलके होते, आणि हलके होण्यातला फरकही वाढतो. त्याने चलनातली त्या वेळची नाणीही तोलून हे पडताळले, आणि मग प्राचीन नाण्यांचा क्रम लावला. भारताच्या मध्ययुगाच्या आरंभी राजे जमिनी दान देऊ लागले त्यातून सरंजामशाही वरून कशी आली, आणि पुढे गावातूनच खालून कशी उगवली, हा सिद्धान्त त्याने 1956 च्या आपल्या इतिहासग्रंथात मांडला. रामशरण शर्मांनी 1965 साली तो विषय ताम्रपटांच्या आधारे पुढे नेला. सर्वच इतिहासकारांना तो पटलेला नाही आणि वाद अजून चालू आहे. माझे म्हणणे इतकेच, की या माणसाला 'सायन्स की आर्ट्‌स' असे कोणी विचारले असते तर त्याने काय उत्तर दिले असते याचा विचार करा. (त्यांची जीभ फार तिखट होती असे सांगतात.)

परत 70 पिढ्यांकडे येऊ. हा आकडा मी कल्पनेने घेतलेला नाही. पश्चिम बंगालात कल्याणी येथे राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्था आहे. तेथील शास्त्रज्ञांनी 2016 साली 20 समाजांतील 367 व्यक्तींची जनुके तपासून असे प्रसिद्ध केले, की पूर्वी आपले समाज एकमेकांत मिसळत होते आणि सुमारे 70 पिढ्यांपूर्वी, विशेषतः वरच्या जातींत, ते एकाएकी थांबले. पिढी साडेबावीस वर्षांची धरली तर 1575 वर्षे झाली. म्हणजे इसवी सन 441 च्या सुमारास. तो काळ गुप्तांचा. निष्कर्ष असा, की गुप्तांच्या काळात जातीबाहेर लग्नाची दारे बंद झाली.

वर्तमानपत्रांत एवढेच छापून आले. पण तुम्ही शास्त्राचे विद्यार्थी आहात, तेव्हा साडेबावीसवर बोट ठेवा. याच विषयावर 2013 साली हैदराबादच्या व अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी जो अभ्यास केला त्यात एक पिढी 29 वर्षांची धरली होती. 70 ला 29 ने गुणा : 2030 वर्षे. गुप्त गेले, सातवाहन आले! आणि पिढी 20 वर्षांची धरली तर 1400 वर्षे, म्हणजे चालुक्य पुलकेशीचा काळ. एका गृहीताच्या बदलाने सहाशे वर्षांची उडी पडते. जनुकशास्त्र खोटे आहे असा याचा अर्थ नाही. त्याचे घड्याळ पिढ्या मोजते, वर्षे मोजत नाही. वर्षे सांगायला दुसरी साक्ष हवी.

ती दुसरी साक्ष आपल्या वऱ्हाडातच आहे, आणि ती गुप्तांची नाही. त्या काळी येथे वाकाटकांचे राज्य होते. एक शाखा रामटेकजवळच्या नंदिवर्धनला, दुसरी आपल्या शेजारच्या वत्सगुल्मला, म्हणजे वाशिमला. अचलपूरजवळ चम्मक या गावी सुमारे 1868 साली शेत नांगरताना ताम्रपट सापडले. राजा दुसरा प्रवरसेन याने आपल्या कारकिर्दीच्या अठराव्या वर्षी मधुनदीच्या काठचे चर्मांक हे गाव एक हजार ब्राह्मणांना दिल्याची ती सनद आहे. विदर्भातल्या असल्या लेखांचा वाचक म्हणजे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी. वाकाटकांच्या लेखांचा त्यांचा इंग्रजी संग्रह 1963 साली निघाला.

चम्मकच्या सनदेत मला सर्वांत मोलाची वाटते ती माफीची यादी. या गावात राजाचे शिपाई शिरणार नाहीत, गावाला गुरे, दूध, फुले द्यावी लागणार नाहीत, चराई, कातडी, कोळसा यांची मागणी होणार नाही, मीठ काढण्याचा हक्क गावाकडे राहील, वेठबिगार नाही. वाचताना राजा उदार वाटतो. पण थांबा. ज्या गावांना माफी नव्हती, त्यांचे काय? त्यांना हे सगळे द्यावे लागत होते! वेठीला धरलेल्या कुणब्याबद्दल एकही ओळ कोणी कोरून ठेवली नाही, पण माफीच्या यादीतून त्याची पाठ दिसते. पेशीत एखादे जनुक मोडल्यावर काय बिघडते ते पाहून ते धड असताना काय करीत होते हे ओळखायचे, ही कर्करोगशास्त्राची रीत. नडसन यांनी तेच केले. ताम्रपट वाचणाराही तेच करतो.

मग लग्नाच्या दारांचे ताम्रपट काय सांगतात? येथे मजा आहे. दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता वाकाटकांच्या घरी दिली होती. वाकाटक ब्राह्मण, विष्णुवृद्ध गोत्राचे. गुप्त ब्राह्मण होते असे सहसा कोणी मानत नाही. प्रभावती तर लग्नानंतरही आपल्या सनदांत माहेरचेच धारण गोत्र लावते. अजिंठ्याजवळ घटोत्कच लेणे आहे. तेथील लेखात वाकाटकांच्या मंत्रिघराण्याचा मूळपुरुष सोम याने ब्राह्मण आणि क्षत्रिय अशा दोन्ही कुळांतील स्त्रियांशी लग्न केल्याचे, आणि मंत्र्यांची शाखा क्षत्रिय स्त्रीपासून चालल्याचे, उघडपणे, अभिमानाने कोरले आहे. त्याच शतकात जनुके म्हणतात की दारे बंद होत होती!

दोघांपैकी कोण खोटे बोलतो? माझ्या मते कोणीच नाही. लेख बोलतो तो राजवाड्याबद्दल. राजे आणि मंत्री यांना नियम नेहमीच सैल असतात. जनुके बोलतात ती आज जिवंत असलेल्यांच्या पूर्वजांबद्दल, आणि तीही ढोबळ काळाने. शिवाय दार बंद झाले एवढे जनुक सांगेल. ते कोणी लावले आणि का, हे सांगणे त्याच्या शक्तीबाहेरचे आहे. जमिनीची दाने, त्याबरोबर गावोगाव पोहोचलेले धर्मशास्त्र, व्यापाराची मंदी, यांतले काय कारण, हे इतिहासाच्या साधनांनीच शोधावे लागेल. मात्र एक गोष्ट दोन्ही साक्षींतून निघते, आणि ती मी तुम्हाला जोर देऊन सांगतो : दार केव्हा तरी उघडे होते. जाती सृष्टीच्या आरंभापासून वेगळ्या रक्ताच्या नाहीत. त्यांना एक तारीख आहे, भले ती आपल्याला नेमकी सांगता येवो न येवो.

हे मी का ताणून धरतो? कारण रक्ताच्या शास्त्राला एक काळा इतिहास आहे. कोसंबींचा 1944 चा लेख आणि सांघवी-खानोलकरांचा अभ्यास ज्या इंग्रजी नियतकालिकात आला, त्याच्या नावातच 'सुप्रजनन' असा अर्थाचा शब्द होता. काही माणसांचे रक्त उत्तम, काहींचे हीन, उत्तमांचीच पैदास वाढवावी, असे मानणाऱ्यांची ती चळवळ. जर्मनीत तिचे पर्यवसान कत्तलींत झाले. 1954 साली त्या नियतकालिकाने नाव बदलले. आपल्या इरावती कर्वे 1920 च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या होत्या. कवट्या मोजून युरोपीय वंश श्रेष्ठ असे दिसेल, अशी त्यांच्या प्राध्यापकाची अपेक्षा. त्यांनी कवट्या मोजल्या आणि तसा फरक आढळत नाही असे लिहून दिले. परक्या देशात, गुरूच्या तोंडावर! मोजमाप शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला हे ठाऊक असले पाहिजे. पण आमच्या शास्त्राच्या पुस्तकांत ते येत नाही, कारण तो म्हणे इतिहास.

अकरावीला कोणती शाखा घ्यावी हे मी सांगत नाही; घरचे सांगायला पुष्कळ आहेत. 'नीट'ची तयारी करा, जरूर करा. पण इतिहासाचे पुस्तक रद्दीत देऊ नका, आणि कला शाखेला जाणाऱ्यांनो, तुम्ही लघुगणकाचे कोष्टक जपून ठेवा. वर दिलेले 21.2 आणि 25.5 त्यावरूनच काढता येतात. हॉल्डेनचे सूत्र असे : 1 मधून अदलाबदलीची दुप्पट वजा करा, त्याचा नैसर्गिक लघुगणक घ्या, निम्मा करा, चिन्ह बदला. कोसंबींचे असे : 1 अधिक दुप्पट याला 1 वजा दुप्पट याने भागा, नैसर्गिक लघुगणक घ्या, त्याचा चौथा हिस्सा करा. शेकडा 20 म्हणजे 0.20 घ्यायचे आणि आलेल्या उत्तराला 100 ने गुणायचे. करून पाहा आणि मग 0.05 घेऊन पाहा. दोन्ही सूत्रे तेथे जवळजवळ सारखेच उत्तर देतात. का, ते विचार केला तर सुचेल.

आणखी एक. चम्मकचे पट नांगराला लागले होते. आपल्या वर्धा-पैनगंगेच्या काळ्या मातीत अजून काय आहे कोणास ठाऊक. तुमच्या वावरात कधी अक्षरे कोरलेला तांब्याचा हिरवा पडलेला पत्रा निघाला, तर तो चिंच लावून घासू नका. किटाबरोबर अक्षरे जातात. कासाराला तर मुळीच विकू नका. कडी किंवा मुद्रा असेल तर ती पत्र्यांपासून सुटी करू नका. जागा नीट लिहून ठेवा, किती खोल सापडला तेही लिहा, आणि घरच्या मोठ्या माणसाला बरोबर घेऊन तहसील कचेरीत कळवा.